मुलांना घरीच शिकवायचंय: कायदा कुठे उभा आहे आणि कागद कोणते जपायचे

नाशिकच्या एका आईचा प्रश्न असा आहे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. धाकटा चार वर्षांचा. आई-बाबा दोघंही घरून काम करतात आणि मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवावं, असं दोघांच्या मनात आहे. हे बेकायदेशीर ठरेल का? घरी पोलीस किंवा शिक्षण खात्याची माणसं येतील का? पुढे दहावीला बसता येईल का? डॉक्टर व्हायचं म्हणाली तर अडचण येईल का? आणि मामा न्यू जर्सीत मुलांना घरी शिकवतो, मग इथे का नाही? मी शिक्षणविषयक प्रकरणं चालवणारी वकील आहे. हे प्रश्न घेऊन येणारे पालक आता वरचेवर भेटतात, आणि बरेचसे चुकीच्या भीतीने किंवा चुकीच्या खात्रीने आलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. घरी शिकवण्याला परवानगी देणारा कायदा आपल्याकडे नाही, आणि घरी शिकवलं म्हणून पालकांना दंड किंवा तुरुंगवास देणारं कलम शिक्षण हक्क कायद्यात नाही. या दोन वाक्यांपैकी एकच वाक्य उचलून लोक निर्णय घेतात आणि मग अडकतात. दोन्ही एकत्र धरून चालायचं, तर तुमचा सगळा भार कागदांवर येतो. मुलगी उद्या शाळेत परतायची म्हणाली तर परतू शकेल आणि चौदाव्या वर्षी परीक्षेला बसायची म्हणाली तर बसू शकेल, एवढी सोय तुम्ही आजपासून करत राहायची. बाकीचं उत्तर त्याबद्दलच आहे.

आता कायदा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम २१-क आलं: ६ ते १४ वयाच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्याच दुरुस्तीने कलम ५१-क मध्ये पालकांचं कर्तव्यही घातलं. पाल्याला शिक्षणाची संधी उपलब्ध करून द्यायची, असं ते आहे. त्यात 'शाळा' हा शब्द नाही. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो तो, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० मध्ये मात्र शाळा आली. आपल्या पाल्याला परिसरातल्या शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी दाखल करणं हे प्रत्येक आई-वडिलांचं किंवा पालकाचं कर्तव्य आहे, असं ते कलम सांगतं. कलम एवढंच आहे. कर्तव्य पाळलं नाही तर काय, हे त्यात किंवा पुढे कुठेही सांगितलेलं नाही.

ही विसरून राहिलेली जागा आहे असं समजू नका. 'सक्तीचं' म्हणजे कोणावर सक्ती, याची व्याख्या कलम ८ मध्ये आहे आणि तिथे सक्ती सरकारवर आहे: शाळा उपलब्ध करायची, प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करायची. कलम ९ मध्ये हेच काम स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेवर टाकलं आहे. वीटभट्टीवर राबणारी, ऊसतोडीला आई-बापाबरोबर जाणारी, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी बसवलेली मुलगी डोळ्यांसमोर ठेवून हा कायदा झाला. त्या मुलीच्या बापाला तुरुंगात घालून तिचं शिक्षण होणार नव्हतं, हे उघड आहे. शिक्षेचं कलम नसणं मला त्यामुळेच योग्य वाटतं, आणि घरी शिकवणाऱ्या पालकांनी त्याचा आधार घेताना ते मुळात कोणासाठी ठेवलं गेलं याची जाण ठेवावी.

न्यायालयांनी काही म्हटलंय का? २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात घरी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीची याचिका होती. त्यात केंद्र सरकारने आधी प्रतिज्ञापत्र दिलं की जे पालक स्वेच्छेने घरी शिकवतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही. नंतर सरकारने ती भूमिका बदलली. इंटरनेटवर त्या पहिल्या प्रतिज्ञापत्राची बातमी अजून फिरते आणि पालक ती छापून माझ्याकडे घेऊन येतात. तिच्यावर विसंबू नका. प्रतिज्ञापत्र म्हणजे निकाल नव्हे, आणि हे तर मागे घेतलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पर्यायी शिक्षणपद्धतींना वाव द्यावा असं आहे, मुक्त विद्यालयांचा, म्हणजे रोज शाळेत न जाता जिथून परीक्षा देता येते त्या मंडळांचा, विस्तार करावा असंही आहे. पण धोरण कायदा बदलत नाही. कलम १० जसंच्या तसं आहे.

तुमच्या धाकट्याचं उत्तर इथेच देऊन टाकते. आरटीईचं 'बालक' म्हणजे ६ ते १४. चार वर्षांचा मुलगा बालवाडीत गेला नाही म्हणून काहीही बिघडत नाही. आणि मुलगी चौदा पूर्ण करेल त्या दिवसापासून हा कायदा तिलाही लागू राहत नाही. म्हणजे धाकधूक आहे ती मधल्या आठ वर्षांची, आणि मुलीची त्यातली एक-दोन वर्षं शाळेत गेलीच आहेत.

ज्या कलमाला शिक्षा आहे ते वेगळं आहे, आणि माझ्याकडे खऱ्या अडचणीत येतात ते पालक बहुधा तिथेच सापडलेले असतात. कलम १८: मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय शाळा काढता किंवा चालवता येत नाही. दंड एक लाख रुपयांपर्यंत, आणि सूचना देऊनही चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे शाळा काढतोय? सुरुवातीला कोणीच काढत नसतं. सोसायटीतली दोन घरं म्हणतात, आमच्याही मुलांना घ्या. मग सकाळी नऊ ते एक अशी वेळ ठरते. मग कोणीतरी गणिताला बाई ठेवतं आणि तिचा पगार वाटून घेतला जातो. वर्षभरात हॉलमध्ये आठ-दहा मुलं, फळा, फीची वही आणि व्हॉट्सअॅपवर नाव दिलेला गट. त्या दिवशी कोणी तक्रार केली, आणि शेजारी हमखास करतात कारण खाली गाड्या लागतात, तर तपासायला आलेल्या माणसाला ती विनामान्यता शाळाच दिसते. आपल्या मुलीला आपल्या घरी शिकवा. इतर कुटुंबांबरोबर सहली करा, किल्ले चढा, शनिवारी एकत्र प्रयोग करा. पण नियमित वेळ, नियमित फी आणि परकी मुलं या तीन गोष्टी एका छताखाली आणू नका.

दुसरा मोह याच्या उलटा आहे: नाव एखाद्या शाळेत ठेवायचं, फी भरायची, मुलगी घरी आणि हजेरीपटावर रोज 'उ'. सोयीचं वाटतं, कारण दाखल्याचा आणि परीक्षेचा प्रश्नच येत नाही. मी हे कोणालाही सुचवत नाही. हजेरीपट हा शाळेचा अधिकृत दस्तऐवज आहे, आणि ती खोटी हजेरी मुख्याध्यापकांच्या सहीने उभी राहते. शाळेवर कारवाई झाली की तुमच्या मुलीची सगळी वर्षं संशयात येतात. शिवाय मुलीला रोज कोणी विचारलं की काय सांगायचं, हे तिला शिकवावं लागतं. शिक्षणाची सुरुवात त्याने होऊ नये.

अधिकृतपणे घरी शिकण्याचा एकच मार्ग आरटीईमध्ये लिहिलेला आहे आणि तो अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क दिला. अशा मुलाचं नाव जवळच्या शाळेच्या पटावर राहतं आणि समग्र शिक्षा अभियानातून विशेष शिक्षक घरी येतात. तुमच्या प्रश्नात हे नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असं मूल असेल तर त्यांनी मुक्त विद्यालय वगैरे शोधण्याआधी हा हक्क मागावा. मागताना अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडून महापालिकेच्या किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी मागितलेल्या हक्काची फाईल होत नाही.

आता तुमच्या मुलीचं. ती पटावर आहे, म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिची ओळ आहे. शाळेतून काढायचं म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा. पालक इथे घाईत दोन चुका करतात. एक, दाखला न घेता मुलीला नुसतं पाठवणं बंद करतात. मग ती सतत गैरहजर राहिलेली, म्हणजे शाळाबाह्य मूल ठरते, आणि शोध सुरू होतो तो याच यादीतून. दुसरं, दाखला घेतात पण वाचत नाहीत. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. मुख्याध्यापक सवयीने 'परगावी स्थलांतर' किंवा 'पुढील शिक्षणासाठी' लिहितात. तुम्ही परगावी गेलेला नाही. पाच वर्षांनी फॉर्म भरताना कोणी विचारलं, मधल्या काळात कुठल्या गावी होतात, तर उत्तर काय? अर्जातच लिहा की पालकांच्या निर्णयाने मुलीचं शिक्षण घरी करत आहोत, आणि रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' एवढं लिहायला सांगा. खरं आहे आणि पुरेसं आहे. जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग हे सगळं रजिस्टरशी आणि जन्मदाखल्याशी ताडून मगच शाळेच्या आवारातून बाहेर पडा. या दाखल्यावरची जातीची नोंद महाराष्ट्रात पुढे जात प्रमाणपत्राला आणि पडताळणीला लागते. इतर कागदांनी ती उणीव भरून काढता येते, पण त्यासाठी कचेऱ्यांचे हेलपाटे पडतात.

मुख्याध्यापक विचारतील, पुढची शाळा कोणती? कारण यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मूल एका शाळेतून निघालं की दुसऱ्या शाळेने ओढून घेईपर्यंत ते 'ड्रॉपबॉक्स'मध्ये पडून राहतं, आणि त्या यादीबद्दल मुख्याध्यापकांना वरून विचारणा होते. म्हणजे त्यांची कुरकुर तुमच्याविरुद्ध नसते, त्यांना उत्तर द्यावं लागतं म्हणून असते. तुमच्या लेखी अर्जाची प्रत त्यांच्या फाईलला असली की त्यांचंही काम सोपं होतं. अर्जावर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोर्टलवरचा मुलीचा कायम शिक्षण क्रमांक, ज्याला पेन म्हणतात, तोही लिहून घ्या. परत कुठल्याही शाळेत घालताना तोच लागतो. थकलेली फी असेल तर आधी भरून टाका. त्यावरून दाखला अडवणं शाळेला शोभत नाही, पण तुम्हाला भांडण नको आहे, दाखला हवा आहे.

हा निर्णय आई-वडील दोघांचा असावा आणि तो दोघांच्या सहीने कागदावर असावा. आज तुम्ही एकमताने आहात, त्यामुळे हे वाचायला विचित्र वाटेल. पण कौटुंबिक न्यायालयात ताब्याचा वाद उभा राहिला की 'हिने मुलीला शाळेतून काढलं' हा पहिल्या पानावरचा आरोप असतो. एका साध्या संमतीपत्राने तो निघून जातो.

घरी कोणी येईल का, याचं उत्तर: येऊ शकतं. महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांची सर्वेक्षणं होत असतात. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी घरोघर जाऊन मोजणी झाली होती, मुलांच्या बोटाला शाई लावून. २०२२ च्या जुलैमध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' झालं. येणारी व्यक्ती पोलीस नसते. बहुतेक वेळा ती जवळच्या महापालिका शाळेतली शिक्षिका असते, हातात तक्ता, उन्हातान्हात सत्तरावं घर. तिच्याशी कायद्याच्या कलमांवर वाद घालू नका. आत बोलवा, पाणी द्या, मुलीशी बोलू द्या. दाखल्याची प्रत, शाळेला दिलेल्या अर्जाची पोच आणि मुलीच्या वह्या दाखवा. तिला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हे मूल कामाला जात नाही ना, आणि शिकतंय ना. तिने मुलीचं नाव शाळाबाह्य म्हणून लिहिलं तरी घाबरू नका. मग शिक्षण विभागातल्या केंद्रप्रमुखांचा किंवा प्रशासन अधिकाऱ्यांचा फोन येईल, कदाचित परिसरातल्या शाळेत दाखल करा अशी नोटीस येईल. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यायचंच, गप्प बसायचं नाही. मी अशी उत्तरं लिहून देते तेव्हा त्यात कलमांपेक्षा मुलगी काय शिकते याचं वर्णन जास्त असतं. ते वाचून फाईल बाजूला ठेवणारे अधिकारी मी बरेच पाहिले आहेत. काही जण आग्रह धरतात, आणि तेव्हा खरा निर्णय तुमचा असतो: मुलीला काही काळ जवळच्या शाळेत घालायचं की वकिलामार्फत पुढे बोलायचं. वाद घटनात्मक मुद्द्यावर उच्च न्यायालयात नेता येतो, पण तो लढा किती वर्षं चालेल आणि त्यात मुलीचं नाव किती ठिकाणी छापून येईल, हा विचार आधी करा.

मुलीच्या शिक्षणाची नोंद ठेवा म्हणते ती या सगळ्यासाठी. दर महिन्याला एक पान पुरे: काय वाचलं, गणितात कुठपर्यंत आलो, कुठे गेलो. बालभारतीची त्या-त्या इयत्तेची पुस्तकं घरात असू द्या. तुम्ही ती वापरा अथवा नका वापरू, तुलना करायला सगळ्यांना तीच सापडतात. वर्षातून एकदा कोणा अनुभवी शिक्षकाकडून मुलीची पातळी बघून घ्या आणि त्यांची चार ओळींची टीप फाईलला लावा. दुकान किंवा घरचा व्यवसाय असेल तर एक जपा: बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदाच्या आतलं मूल घरच्या धंद्यात मदत करू शकतं ते शाळेची वेळ संपल्यावर किंवा सुट्टीत, तेही धोकादायक काम नसेल तर. सकाळी अकराला गल्ल्यावर बसलेली मुलगी व्यवहारज्ञान शिकत असेलही, पण बघणाऱ्याला ते तसं दिसणार नाही.

परतीची वाट कायद्याने चांगलीच रुंद ठेवली आहे. कलम ४ प्रमाणे सहाच्या वरचं, कधीही शाळेत न गेलेलं किंवा मध्येच सोडलेलं मूल त्याच्या वयाला योग्य त्या वर्गात घ्यावं लागतं. अकराव्या वर्षी परतली तर तिला तिसरीत बसवता येणार नाही. मागे पडलं असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं, ते किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्ये आलं म्हणूनही नाही, आणि प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. शाळेने अडवलं तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. हे महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पटकन चालतं. नामवंत खासगी शाळेत 'जागा नाही' या दोन शब्दांपुढे फारसं चालत नाही. मुलगी आज आरटीईने खासगी शाळेत दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर शिकत असेल तर दाखला घेण्याआधी दहा वेळा विचार करा, कारण ती जागा परत मिळत नाही.

दहावीचं आता नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त चुकीची माहिती इथे पसरलेली आहे.

एक मार्ग आपल्या राज्य मंडळाचा: फॉर्म नंबर १७, खासगी विद्यार्थी म्हणून. प्रश्नपत्रिका तीच, निकाल त्याच दिवशी, प्रमाणपत्रही मंडळाचंच. अटी दोन लक्षात ठेवा: वय चौदा पूर्ण आणि किमान पाचवी उत्तीर्ण. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो; तो नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. तुमची मुलगी दुसरीतून निघाली तर तिच्याकडे पाचवीचा कागद नसेल. दहावीच्या वर्षी हे लक्षात आलेले पालक हातात फॉर्म घेऊन येतात तेव्हा माझ्याकडे सांगायला फारसं काही उरत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर चौथी-पाचवीच्या सुमारास मुलीला वयानुरूप प्रवेश घेऊन शाळेत घालायचं आणि पाचवी होऊ द्यायची. नाहीतर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा द्यायची. त्या मंडळात पाचवीसाठी वय दहा पूर्ण लागतं आणि आठवीसाठी तेरा पूर्ण. शहरातल्या पालकांना हे मंडळ माहीतच नसतं. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मला ते फार उपयोगाचं वाटतं, कारण अभ्यासक्रम ओळखीचा आहे आणि त्याचं केंद्र एखाद्या नेहमीच्या शाळेतच असतं.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएस. १९८९ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे. माध्यमिक, म्हणजे दहावीच्या पातळीला वय चौदा पूर्ण हवं. आधीची इयत्ता उत्तीर्ण असल्याचा कागद नसेल तर 'हा अभ्यासक्रम करण्याइतकी तयारी आहे' असं स्वप्रमाणपत्र चालतं. घरी शिकलेल्या मुलांसाठी हेच सगळ्यात मोठं मोकळेपण आहे. पाच विषय, हवे तर आणखी दोन. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा. पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी, आणि एका वेळी दोन विषय, पुढच्या खेपेला तीन असं तुकड्यातुकड्यानेही देता येतं. दहावीचा अभ्यासक्रम मराठी माध्यमातही आहे. तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे अ, ब, क असे मुक्त मूलभूत शिक्षणाचे स्तरही ही संस्था चालवते. लहान वयात नोंदवायचं असेल तर आधी संस्थेच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्या, कारण चौदाच्या आतल्या मुलांच्या नोंदणीवरूनच आरटीईनंतर वाद झाला होता.

तिसरा मार्ग केंब्रिजच्या आयजीसीएसईचा, म्हणजे दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा, खासगी परीक्षार्थी म्हणून. खर्चिक आहे, आणि भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता, म्हणजे ती इथल्या परीक्षेच्या बरोबरीची असल्याची मान्यता, मिळण्यासाठी किती विषय आणि कोणत्या श्रेणी लागतात हे विषय निवडण्याआधीच पाहावं लागतं. मुलगी पुढे परदेशी जाणार हे नक्की असेल तर बघा, नाहीतर माझा सल्ला पहिल्या दोहोंपैकी एकाचा.

डॉक्टर व्हायचं म्हणाली तर? मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना वैद्यकीय प्रवेशातून वगळणारी जुनी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो प्रश्न मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने मिटला. नीटला बसता येतं. जेईईलाही एनआयओएसची पाच विषयांची बारावी चालते. बारावी विज्ञानासाठी फॉर्म १७ च्या मागे लागू नका. प्रात्यक्षिकांची सोय असलेलं एनआयओएसचं अभ्यासकेंद्र धरा. ते केंद्र महाराष्ट्रातच असू द्या. राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. दिल्लीतल्या एखाद्या क्लासच्या सांगण्यावरून तिथलं केंद्र निवडलेली मुलं गुण असूनही राज्याच्या यादीतून बाहेर पडतात, आणि तेव्हा कोणताही अर्ज कामाला येत नाही.

शालेय क्रीडा स्पर्धा आणि शिष्यवृत्ती परीक्षा पटावरच्या मुलांसाठी असतात, हेही हिशेबात धरा. मुलगी खेळात गंभीर असेल तर तिला खेळाच्या संघटनांमार्फत होणाऱ्या स्पर्धांवर अवलंबून राहावं लागेल.

मामाचं राहिलं. अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याच्या कायद्यात आहे आणि राज्यागणिक फार वेगळा आहे. न्यू जर्सीच्या कायद्यातच शाळेत किंवा 'अन्यत्र समतुल्य शिक्षण' असा पर्याय लिहिलेला आहे आणि पालकांनी आधी कळवण्याचीही सक्ती नाही. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात दरवर्षी प्रतिज्ञापत्र, १८० दिवसांची नोंद आणि परीक्षकाकडून मूल्यमापन. न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा आणि दर तिमाहीला अहवाल. जर्मनीत तर शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी शिकवण्याला जवळजवळ जागाच नाही. म्हणजे मामा जे करतो ते तिथल्या कायद्यात शब्दाने मान्य आहे, इथे तो शब्दच नाही. मला विचाराल तर पेनसिल्व्हेनियासारखी नोंदणी आणि वार्षिक मूल्यमापन आपल्याकडे यायला हवं. प्रामाणिक पालकांना त्याने आधार मिळेल, आणि 'घरी शिकतो' या नावाखाली कामाला जुंपलेलं मूल लपून राहणार नाही. मामा न्यू जर्सीतून परत यायचा विचार करत असेल तर त्याला सांगा की तिथे सक्ती नसली तरी मुलांच्या अभ्यासाची नोंद तारखांसह ठेव. इथल्या शाळेला दाखवायला त्याच्याकडे दुसरं काही नसेल. वयानुरूप प्रवेशाचा हक्क त्याच्या मुलांनाही आहेच.

जन्मदाखल्याबद्दल एक. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. तुमची दोन्ही मुलं त्याआधीची, त्यामुळे आतापर्यंत शाळेच्या दाखल्यावर भागत असे. धाकटा शाळेत गेलाच नाही तर त्याच्याकडे दुसरा पुरावा नसेल. त्याच्या जन्मदाखल्यावर नाव चढवलंय का, की नुसतं 'मुलगा' असं आहे, ते आजच काढून बघा. नाव नसेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन चढवून घ्या.

आणि मुलीचा दाखला आत्ता वर्षाच्या मध्येच काढू नका. दुसरीचं वर्ष पूर्ण होऊ द्या, प्रगतिपुस्तकावर 'तिसरीत प्रवेशास पात्र' अशी नोंद होऊ द्या, आणि एप्रिलच्या शेवटी निकालाच्या दिवशी दोघांच्या सहीचा अर्ज घेऊन जा. तोपर्यंत संध्याकाळी आणि रविवारी घरी शिकवून बघा. तुम्हा दोघांच्या कामाच्या फोनमध्ये ते कितपत जमतं, ते या काही महिन्यांत कळेल. नाही जमलं तर तिचं नाव पटावर आहेच.